पोकेमॉन कार्ड जमवताय पण सोबत कोणीच नाही? आपली माणसं शोधण्यापासून पहिल्या ट्रेडपर्यंत, पायरी पायरीने

दर आठवड्याला एक तरी मेसेज येतोच, दादा मी नुकतीच पोकेमॉन कार्डं जमवायला सुरुवात केलीय, एखाद्या ग्रुपची लिंक द्या ना. लिंक दिली की माणूस आत येतो, पाच मिनिटांत चादरीवर पसरलेल्या साठ-सत्तर कार्डांचा अंधुक फोटो टाकतो आणि खाली लिहितो, याचे किती येतील. कोणी काही बोलत नाही. दोन दिवसांनी तो परत विचारतो, मग कोणीतरी सांगतं की यातली अर्धी नकली आहेत, त्याला वाईट वाटतं आणि महिन्याभरात तो ग्रुपमधून बाहेर. असं इतक्या वेळा बघितलंय की शेवटी म्हटलं बसून नीट लिहूनच काढू. तो माणूस वाईट नसतो, ग्रुपवालेही शिष्ट नसतात, फक्त क्रम उलटा झालेला असतो. आधी तयारी, मग ओळख, मग ट्रेड म्हणजे कार्डांची अदलाबदल, आणि पैशाचा व्यवहार सगळ्यात शेवटी.

मी पोकेमॉनबद्दलच लिहितोय कारण मला तेच नीट माहितीये, पण क्रिकेटची किंवा युगिओची कार्डं जमवत असाल तरी पायऱ्या बहुतेक ह्याच.

१. आधी ठरवा, जमवायचं काय

"मला सगळंच आवडतं" असं म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही, कारण समोरच्याला कळतच नाही की आपल्याकडचं कुठलं कार्ड याच्या उपयोगाचं आहे. मोटामोटी तीन प्रकारची माणसं असतात. एक, सेट म्हणजे एकत्र निघालेली कार्डांची अख्खी मालिका पूर्ण करणारी. दुसरी, एकाच पोकेमॉनच्या मागे लागलेली, म्हणजे फक्त ईवी किंवा फक्त गेंगार, मग ते कुठल्याही सेटचं असो. तिसरी, खेळणारी, ज्यांना डेकसाठी, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यासाठी, कार्ड लागतं आणि ते चमकतंय का नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

सेटवाले असाल तर एकच सेट धरा. उदाहरणार्थ २०२३ मध्ये आलेला १५१ नावाचा सेट, त्यात १ ते १६५ नंबरची कार्डं आहेत आणि त्यापुढे २०७ पर्यंत दुर्मिळवाली. नवीन माणसाने आधी १६५ पर्यंतचाच विचार करावा, पुढची ४२ डोक्यातच आणू नयेत, कारण खरा खर्च तिथेच होतो.

तपासा: तुम्ही काय जमवता हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. नकली कार्डं आत्ताच बाजूला काढा

ह्या पायरीवर जास्त वेळ द्या कारण पहिली इम्प्रेशन इथेच बिघडते. आपल्याकडे जत्रेत, स्टेशनबाहेर, खेळण्यांच्या दुकानात जी पाकिटं लटकलेली असतात त्यातली बरीचशी नकली असतात, आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा ते माहीत नसतं. लहानपणापासूनचा गठ्ठा असेल तर त्यात मिसळमिसळ असणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

खात्रीच्या दुकानातून एक सीलबंद पॅक घ्या आणि त्यातलं एक साधं कार्ड मापदंड म्हणून बाजूला ठेवा. मग प्रत्येक कार्ड त्याच्या शेजारी धरून बघा.

आधी मागची बाजू. खऱ्या कार्डाचा निळा गडद आणि स्वच्छ असतो, नकलीचा फिकट नाहीतर जांभळट. मग खालचा कोपरा, तिथे नंबर असतो, जसं १५१ सेटमधल्या पिकाचूचा ०२५/१६५. तो नंबर ऑनलाइन शोधून बघा, तिथे दुसरंच कार्ड निघालं तर विषय संपला. पोकेमॉन ह्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई वर एक तिरकी रेघ असते, नकलीवर ती पुष्कळदा गायब असते किंवा अख्खा फॉन्टच जाडजूड दिसतो. मोठ्या चित्राच्या महागड्या कार्डांवर बोट फिरवलं की बारीक खरखरीत रेषा लागतात, अंगठ्याच्या ठशासारख्या, नकली कार्ड मात्र गुळगुळीत. शेवटी मोबाइलचा टॉर्च मागून लावा, पातळ नकलीतून प्रकाश आरपार येतो, पण ही टेस्ट एकटी पुरेशी नाही, बाकीच्यांच्या जोडीनेच वापरा.

आणि अख्खं सोनेरी प्लास्टिकचं कार्ड असेल तर तपासायचीच गरज नाही, ते नकलीच. धातूची खरी कार्डं काही महागड्या बॉक्समध्ये आलेली आहेत, पण ती वीस रुपयांच्या पाकिटात निघत नाहीत.

सावधान: खरं का खोटं बघायला कार्ड फाडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि नकली कार्ड ट्रेडच्या बाइंडरमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या पानांच्या वहीत, चुकूनही ठेवू नका, "मला माहितीये ते नकली आहे, नुसतं ठेवलंय" हे समोरच्याला कळत नाही. त्याचा वेगळा डबा करा, घरातल्या छोट्यांना खेळायला द्या.

३. सामान: थोडंच, पण बरोबर

पातळ स्लीव्हचं म्हणजे एकेका कार्डाच्या पारदर्शक पिशव्यांचं एक पाकीट, नऊ कप्प्यांचा एक बाइंडर, पाच-दहा टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकची कव्हरं, बास. बाइंडर घेताना दोन गोष्टी बघा. कार्ड बाजूने आत जाणारं हवं, वरून नको, आणि आत रिंगा नसलेला हवा. स्टेशनरीच्या दुकानातली रिंगवाली फाइल स्वस्त पडते पण बंद केली की पहिल्या रांगेतल्या कार्डांवर रिंगेचा अर्धगोल दाब उमटतो आणि तो कधीही जात नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. मी ठाण्यात राहतो, पहिल्याच जुलैत माझी चमकणारी कार्डं उघड्या डब्यात होती, पंधरा दिवसांनी बघतो तर सगळी पन्हाळीसारखी वाकलेली. चमकणाऱ्या कार्डात एका बाजूला फॉइलचा थर असतो, कागद दमट हवेत फुगतो आणि फॉइल फुगत नाही, म्हणून कार्ड वळतं. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून बदला. वळलेलं कार्ड स्लीव्हमध्ये घालून पुड्यांसोबत डब्यात ठेवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत बरंचसं सरळ होतं. इस्त्री, हेअर ड्रायर, गरम तवा असले प्रयोग नकोत, फॉइल सुटतं.

४. दोन याद्या बनवा

एक "माझ्याकडे जास्तीची आहेत" आणि दुसरी "मला हवीत". मोबाइलच्या नोट्समध्ये चालतील. प्रत्येक ओळीत नाव, सेट, नंबर आणि कंडिशन. "चारिझार्ड आहे" असं लिहून काही उपयोग नाही, १९९९ च्या बेस सेटमधला ४/१०२ पण चारिझार्डच आणि १५१ मधला ००६/१६५ पण चारिझार्डच, दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

कंडिशनचे शब्द साधारण ठरलेले आहेत. निअर मिंट म्हणजे जवळपास नवं, लाइटली प्लेड म्हणजे कडांना किंचित पांढरेपणा, मॉडरेटली प्लेड म्हणजे लांबून दिसण्याइतकी झीज, हेविली प्लेड म्हणजे भरपूर, आणि घडी पडली किंवा पाण्यात भिजलं तर डॅमेज्ड. नवीन लोकांची नेहमीची चूक, पॅकमधून काढलं म्हणजे निअर मिंटच असं धरून चालणं. कारखान्यातूनच कडा पांढऱ्या येतात कधीकधी. मागची बाजू उजेडात धरा, चारही कोपरे बघा, शंका असेल तर एक पायरी खालचं लिहा. तुम्ही लाइटली प्लेड लिहिलेलं कार्ड समोरच्याला निअर मिंट वाटलं तर तो पुढच्या वेळी न तपासता तुमच्यावर विश्वास ठेवेल.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या पार्श्वभूमीवर, नऊ-नऊ कार्डांचा एक. फ्लॅश बंद.

५. माणसं असतात कुठे

आता कुठे शोधायला लागायचं. आणि शोधतानाही आधी प्रत्यक्षातली जागा, मग ऑनलाइन, कारण दुकानात भेटलेल्या माणसाने ग्रुपमध्ये घेतलं की तुम्ही अनोळखी राहत नाही.

कार्ड विकणारं दुकान किंवा बोर्ड गेम कॅफे शहरात असेल तर तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा, "खेळणारे लोक कुठल्या वारी जमतात?" कुठली कार्डं आहेत, डिस्काउंट किती, हे नंतर. पोकेमॉनच्या अधिकृत वेबसाइटवर इव्हेंट लोकेटर आहे, शहराचं नाव टाकलं की जवळपासच्या लीग आणि स्पर्धा दिसतात, नियमित भाग घ्यायचा असेल तर तिथला प्लेअर आयडी फुकट मिळतो. मुंबईत कॉमिक कॉन भरतं तेव्हा तिथे जरूर जा, पण खरेदीसाठी म्हणून नाही, बाइंडर घेऊन कोपऱ्यात बसलेली मंडळी शोधायला.

खेळायचं नसेल तरी नियम शिकून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. साठ कार्डांचा डेक, एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डं, बेसिक एनर्जी म्हणजे हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जेची कार्डं सोडून, आणि सहा प्राइझ कार्ड म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवून समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची कार्डं, एवढं समजलं की एका संध्याकाळी खेळ जमतो. बॅटल अकॅडमी नावाचा बॉक्स त्यासाठीच आहे, त्यात तयार डेक असतात, नाहीतर मोबाइलवर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे ॲप फुकट आहे. गंमत अशी की नुसतं जमवणाऱ्याला टेबलावर बसायला कारण लागतं, खेळणाऱ्याला लागत नाही. कोणीतरी विचारतं एक गेम टाकूया का, वीस मिनिटं समोरासमोर बसलात की ओळख झालीच.

जवळपास प्रीरिलीज असेल तर सोडू नका. नवा सेट येण्याआधी होणारा हा कार्यक्रम नवीन माणसासाठी सगळ्यात सोपा, कारण प्रत्येकाला तिथेच एक बॉक्स मिळतो, त्यात चाळीस कार्डांचा तयार डेक आणि चार पॅक, त्यातूनच डेक बांधायचा आणि प्राइझ कार्डही चारच. दहा वर्षं खेळणारा आणि कालचा नवा, दोघांच्या हातात सारखंच सामान.

तपासा: दोन जागा आणि एक वार, एवढं हाताशी आलं का? पुरे. वीस ग्रुप जॉइन करायची गरज नाही, कुठल्याच ग्रुपमध्ये तुमचं नाव लक्षात राहणार नाही.

६. ऑनलाइन ग्रुपमधले पहिले पंधरा दिवस

व्हॉट्सॲप असो की डिस्कॉर्ड, आत गेल्यावर आधी वर पिन केलेले नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी विकण्याची जागा वेगळी, ट्रेडची वेगळी, गप्पांची वेगळी असते, चुकीच्या जागी टाकलेली पोस्ट ॲडमिनला रोज निस्तरावी लागते.

मग ओळख करून द्या. छोटी आणि खरी. "नमस्कार, मी नाशिकचा, तीन महिने झाले जमवतोय, १५१ सेट करतोय, चाळीस कार्डं बाकी आहेत, जास्तीची यादी खाली दिलीय, शनिवार-रविवारी भेटू शकतो." ह्या मेसेजला उत्तर येतंच, कारण वाचणाऱ्याला नेमकं कळतं की मदत कशी करायची.

पंधरा दिवस पैशाचं काही विचारू नका. किंमत स्वतः शोधा, टीसीजीप्लेअर किंवा ईबे ह्या साइटवर विकल्या गेलेल्या कार्डांचे भाव दिसतात. विकल्या गेलेल्या म्हणतोय, मागितलेल्या नाही, कारण मागणारा काहीही मागतो. शोधूनही शंका राहिली तर मग विचारा आणि सोबत सांगा की मी एवढं बघितलं, मला एवढं वाटतंय. लोक अशा प्रश्नाला मनापासून उत्तर देतात.

सावधान: आत गेल्या गेल्या कोणी पर्सनल मेसेज करून "तुमचा पूर्ण गठ्ठा घेतो" किंवा "ग्रुप ऑर्डर आहे, ॲडव्हान्स यूपीआय करा" म्हणालं तर थांबा. ग्रुप ऑर्डर, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकत्र मागवणं, खऱ्याही असतात, पण तुम्ही प्रत्यक्ष भेटलेली दोन माणसं त्यात नसतील तर पैसे टाकू नका.

७. पहिली भेट

सोबत काय न्यायचं: बाइंडर, दोन्ही याद्या, रिकाम्या स्लीव्ह, चार टॉपलोडर, पाण्याची बाटली. सगळ्यात महाग कार्ड पहिल्या भेटीला घरीच ठेवा. ते बघायला दहाजण जमतात आणि तुमचं लक्ष त्याच्यावरच राहतं.

टेबलावरचे रिवाज कुठे लिहिलेले नसतात, म्हणून लिहितो. बाइंडर उघडायच्या आधी विचारा, "बघू का?" पानं टेबलावर ठेवूनच उलटा, हातात उचलून नाही. कप्प्यातून कार्ड काढायचं असेल तर मालकालाच काढून द्यायला सांगा. एका बाजूला वडापाव आणि दुसऱ्या बाजूला बाइंडर असं चालत नाही, हात धुऊन आणि पुसून या, तेलाचा डाग कार्डावरून निघत नाही. दुसऱ्याचा ट्रेड चालू असेल तर मध्ये "अरे हे तर महाग आहे" असं बोलू नका, फसवणूक वाटलीच तर नंतर बाजूला घेऊन सांगा.

माझ्या पहिल्या भेटीत मी तासभर नुसता बसून होतो. शेजारी सहावी-सातवीतली एक मुलगी आईसोबत आली होती, तिचा बाइंडर अख्खा स्क्विर्टलचा, शेवटच्या पानावर तीन कप्पे रिकामे आणि प्रत्येकात एक चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेला सेट आणि नंबर. ती काहीच बोलली नाही, फक्त ते पान उघडं ठेवून बसली. मी येताना जास्तीचा गठ्ठा सहज म्हणून आणला होता, चाळून बघतो तर त्यातलं एक निघालं. दिलं तर तिने चिठ्ठी काढून नीट घडी घालून आईच्या पर्समध्ये ठेवली, मग कार्ड कप्प्यात सरकवलं, आणि मला विचारलं, तुम्हाला काय हवंय. तेव्हापासून मीही हव्या असलेल्या कार्डाच्या जागी चिठ्ठी ठेवतो. तुम्हीही ठेवा, ओळख नसली तरी ती चिठ्ठीच समोरच्याशी बोलते.

साधी, कमी किमतीची कार्डं नुसती देऊन टाकायलाही शिका. दहा-वीस रुपयांच्या कार्डाचा हिशोब करत बसण्यात दोघांचा वेळ जातो.

८. पहिला ट्रेड

क्रम असा ठेवा.

अ. भाव कुठून बघायचा हे आधी ठरवा. एकाने टीसीजीप्लेअर आणि दुसऱ्याने दुकानातला रेट धरला तर भांडण ठरलेलं. दोन्ही कार्डं एकाच ठिकाणी, त्याच दिवशी बघा.

आ. कार्ड स्लीव्हमधून काढून उजेडात तिरकं धरा, मालकाला विचारून. समोरून ओरखडे, मागून कडा, मग बोट न दाबता खड्डा किंवा घडी.

इ. कागदावर लिहा. समजा तुमचं कार्ड ६०० चं, समोरच्याची दोन मिळून ५५०, मधले ५० एखाद्या छोट्या कार्डाने भरा नाहीतर सोडून द्या. एका मोठ्या कार्डाच्या बदल्यात पंचवीस किरकोळ कार्डं कोणी देत असेल तर बेरीज जुळली तरी नाही म्हणा, ती पंचवीस पुन्हा कोणी घेत नाही.

ई. "घरी जाऊन विचार करतो" म्हणायला घाबरू नका. जो त्यावर चिडतो त्याच्याशी पुढेही ट्रेड करू नका.

उ. दोन्हीकडची कार्डं टेबलावर समोरासमोर ठेवा, मोजा, मगच उचला.

समोर लहान मूल असेल तर आई-बाबांना बोलवा, ते नसतील तर ट्रेड उद्यावर टाका. मूल स्वतःच तयार असलं, खूश असलं तरीही. आणि पालकांनो, बारा वर्षांच्या मुलाला एकट्याला अनोळखी माणसाला भेटायला पाठवू नका, भेट दुकानात किंवा कॅफेतच ठेवा.

९. पोस्टाने ट्रेड, दोन-तीन भेटींनंतरच

पाठवणारा दुसऱ्या शहरात असेल तर आधी त्याचे रेफरन्स मागा, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहार केलाय अशी दोन-तीन माणसं, आणि त्यांना स्वतः विचारा. स्क्रीनशॉट चालत नाहीत. कार्डाचा फोटो आजची तारीख आणि नाव लिहिलेल्या चिठ्ठीसोबत मागा, तसाच तुम्हीही द्या. आधी कोण पाठवणार? ज्याचे रेफरन्स कमी तो. तुम्ही नवीन आहात म्हणजे तुम्हीच, ते वाईट वाटून घेऊ नका, म्हणूनच पहिला पोस्टाचा ट्रेड छोटा ठेवा.

पॅकिंग: कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, वरचं तोंड मास्किंग टेपने बंद आणि टेपचं टोक दुमडलेलं, म्हणजे उघडताना कात्री लागत नाही. साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा चिकटपणा राहतो. मग दोन्हीकडून पुठ्ठा, त्यावर बबल रॅप, आणि पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकची पिशवी. स्पीड पोस्टने पाठवलंत तर पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर त्याच दिवशी समोरच्याला कळवा. पाकीट आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढा, आणि मिळालं असं लगेच कळवा. हे शेवटचं निम्मे लोक विसरतात आणि पाठवणारा दोन दिवस जीव मुठीत धरून बसतो.

१०. गावात कोणीच नसेल तर

साताऱ्यातून, नांदेडहून, रत्नागिरीहून हाच प्रश्न येतो. कोणीच नाही असं सहसा नसतं, एकमेकांना माहीत नसतं. जवळच्या स्टेशनरी किंवा खेळण्यांच्या दुकानात विचारा, खरे पॅक कोण नेतं, आणि तुमचा निरोप ठेवा. सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाका. चार माणसं मिळाली की पुरे.

मग जागा आणि वेळ पक्की करा, आणि ती बदलू नका. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी अकरा, अमुक कॅफे. "सगळ्यांना जमेल तेव्हा भेटू" असं म्हटलेली भेट कधीच होत नाही. पहिल्या खेपेला दोघंच आले तरी दीड तास बसा, दोन गेम खेळा, फोटो काढून ग्रुपवर टाका. सुरुवात मे महिन्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत करा, मुलं मोकळी असतात, परीक्षेच्या तोंडावर नको. दोन तयार डेक नेहमी सोबत ठेवा, नुसतं बघायला आलेल्यालाही बसवता येतं. आणि बाइंडर न आणता रिकाम्या हाताने आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला स्लीव्हमध्ये घातलेली दहा साधी कार्डं द्या, पुढच्या रविवारी त्याला ट्रेड करायला काहीतरी हवं ना.